ओळखीचा घाम

स्टाफरूममध्ये मधल्या सुट्टीत निघालेला हा प्रश्न. आमच्या एक सहकारी बाई निवृत्तीला आल्या आहेत. त्यांच्या यजमानांना प्रोस्टेटचा कर्करोग झाला आहे आणि तो हाडांपर्यंत पोचला आहे, हे आम्हा सगळ्यांना ठाऊक होते. उपचार सुरू होऊन दोन महिने झाले होते. डबा उघडता उघडता बाई म्हणाल्या, "इंजेक्शन घेतल्यापासून ह्यांना रात्री एकदम घाम फुटतो. छातीतून गरम वाफ वर चढते, चेहरा लाल होतो, पांघरूण फेकून देतात. पाच मिनिटांनी थंडी वाजते म्हणून तेच परत ओढून घेतात. पाळी जाताना मला व्हायचं, अगदी तसंच. पण हे तर पुरुष! त्यांना हे कसं काय? तुम्ही विज्ञानवाले, सांगा बघू."

आम्ही विज्ञान शिकवणारे तिघे एकमेकांकडे पाहत राहिलो. संप्रेरकांचा तक्ता आम्ही दरवर्षी फळ्यावर लिहितो: ग्रंथी, संप्रेरक, कार्य. बाईंच्या प्रश्नाचे उत्तर त्या तक्त्यातच कुठेतरी असायला हवे होते, पण आम्हाला ते पटकन सापडले नाही. मग शोधायला बसलो, तेव्हा दोनशेहून अधिक वर्षांची एक गोष्ट हाती आली. ती बाईंना सांगितली. इतर शिक्षकांनाही उपयोगी पडेल म्हणून येथे मांडत आहोत.

बैल, वळू आणि एक ग्रंथी

प्रोस्टेट ही पुरुषांच्या मूत्राशयाखाली, मूत्रमार्गाला वेढून असलेली अक्रोडाएवढी ग्रंथी. वीर्यातील द्रवाचा काही भाग ती तयार करते. ही ग्रंथी वृषणांवर अवलंबून असते, हे प्रथम नीट पाहिले ते लंडनचे शल्यविशारद जॉन हंटर (१७२८–१७९३) यांनी. खच्ची केलेल्या प्राण्यांत प्रोस्टेट लहान राहते, असे त्यांच्या लक्षात आले. बैल आणि वळू यांच्या अंगलटीतला आणि स्वभावातला फरक आपल्या शेतकऱ्यांना पिढ्यान्‌पिढ्या माहीत आहे. हंटर यांनी तोच फरक शरीराच्या आत जाऊन पाहिला.

प्रोस्टेटचा कर्करोग मात्र त्या काळी जवळजवळ अपरिचित होता. १८५३ मध्ये लंडनचे शल्यविशारद जे. ॲडम्स यांनी सूक्ष्मदर्शकाने खात्री केलेल्या एका रुग्णाची नोंद प्रसिद्ध केली, आणि हा रोग फारच दुर्मिळ असल्याचे म्हटले. यात नवल नाही. हा मुख्यतः उतारवयातला रोग. तेव्हा पुष्कळ लोक त्या वयापर्यंत पोचतच नसत, आणि जे पोचत त्यांचा रोग ओळखण्याची साधने नव्हती. आज पुणे, दिल्ली, कोलकाता यांसारख्या शहरांत पुरुषांना होणाऱ्या प्रमुख कर्करोगांमध्ये त्याची गणना होते.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस हंटर यांच्या निरीक्षणाचा उपयोग करून पाहण्यात आला, पण कर्करोगासाठी नव्हे. म्हातारपणी साध्या वाढीमुळे प्रोस्टेट मोठी होते आणि लघवी अडते, त्यासाठी. फिलाडेल्फियाचे जे. विल्यम व्हाइट यांनी १८९५ मध्ये, वृषणे काढून टाकलेल्या १११ रुग्णांची माहिती प्रसिद्ध केली. पुढच्याच वर्षी बोस्टनचे शल्यविशारद केबट यांनी लिहिले, की अशा शस्त्रक्रियेनंतर काही पुरुषांना स्त्रियांप्रमाणे अंगातून गरम वाफा येतात. म्हणजे बाईंना रात्री पलंगावर जे दिसले, त्याची नोंद १८९६ मध्येच झालेली होती. पण ती एक किरकोळ बाब म्हणून. शस्त्रक्रियेची ती पद्धत मागे पडली आणि ती नोंदही विसरली गेली.

शिकागोतील प्रयोगशाळा

१९३५ मध्ये ॲमस्टरडॅममधील एर्न्स्ट लाकर यांच्या गटाने वळूंच्या वृषणांतून एक शुद्ध संप्रेरक वेगळे केले आणि त्याला टेस्टोस्टेरॉन हे नाव दिले. वृषणांकडून प्रोस्टेटकडे जाणाऱ्या निरोपाला आता नाव मिळाले होते.

शिकागो विद्यापीठातील चार्ल्स हगिन्स (१९०१–१९९७) हे मूत्रविकारांचे शल्यविशारद त्या सुमारास कुत्र्यांच्या प्रोस्टेटमधून स्रवणाऱ्या द्रवाचा अभ्यास करत होते. माणसाप्रमाणेच म्हाताऱ्या कुत्र्यांतही ही ग्रंथी वाढते, त्यात गाठीही होतात. या गाठींमुळे प्रयोगात व्यत्यय येऊ लागला. पण कुत्र्याची वृषणे काढली की गाठ आक्रसते असे दिसले, आणि व्यत्यय हाच प्रयोगाचा विषय झाला.

माणसात हे तपासायचे तर आतला रोग कमी झाला की वाढला, हे कळायला हवे. ती सोय १९३८ मध्ये झाली. न्यूयॉर्कमधील अलेक्झांडर आणि एथेल गटमन यांनी दाखवले, की प्रोस्टेटचा कर्करोग पसरलेल्या रुग्णांच्या रक्तात ॲसिड फॉस्फटेज नावाचे विकर वाढते. रक्ताच्या एका चाचणीने दूरच्या हाडातल्या रोगाची चाहूल लागू लागली. आज जिच्या आकड्याकडे अनेक घरांचे डोळे लागलेले असतात, ती पीएसए चाचणी याच मार्गाने पुढे आली. पीएसए हे प्रथिन १९७९ मध्ये अमेरिकेतील बफलो येथे शुद्ध स्वरूपात वेगळे करण्यात आले, आणि उपचारांवर लक्ष ठेवण्यासाठी ही चाचणी वापरायला तेथे १९८६ मध्ये मान्यता मिळाली.

१९४१ मध्ये हगिन्स आणि त्यांचे तरुण सहकारी क्लॅरेन्स हॉजेस यांचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. कर्करोग हाडांत पसरलेल्या रुग्णांची वृषणे काढली किंवा त्यांना स्त्री-संप्रेरक दिले, की रक्तातील ॲसिड फॉस्फटेज उतरते. टेस्टोस्टेरॉन टोचले, की ते चढते. दुखण्याने अंथरुणाला खिळलेल्या काही माणसांच्या वेदना थोड्याच दिवसांत कमी झाल्या. पहिल्या २१ रुग्णांपैकी चौघे बारा वर्षांहून अधिक जगले.

कर्करोगाची पेशी एकदा बिघडली की ती कोणाचेही ऐकत नाही, अशी तोवरची समजूत होती. हगिन्स यांनी दाखवले, की ही पेशीसुद्धा शरीरातल्या निरोपावर पोसलेली असते आणि निरोप थांबवला तर ती उपाशी राहते. या कामाबद्दल त्यांना १९६६ मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले.

पण निरोप थांबवायचा तर तो फक्त गाठीपुरता थांबवता येत नाही. टेस्टोस्टेरॉन स्नायूंकडे जाते, हाडांकडे जाते, मेंदूकडे जाते. ते सगळीकडूनच जाते. बाईंच्या प्रश्नाचे मूळ येथे आहे.

त्याच १९४१ साली, फेब्रुवारीच्या २८ तारखेला, मुंबईत टाटा मेमोरियल रुग्णालय सुरू झाले. दोराबजी टाटा यांच्या पत्नी मेहेरबाई १९३१ मध्ये रक्ताच्या कर्करोगाने वारल्या. त्यांच्या आजारपणात परदेशी जे उपचार मिळाले तसे आपल्या देशातही मिळावेत, ही दोराबजींची इच्छा होती. पुढच्याच वर्षी तेही गेले, पण त्यांच्या नावाच्या न्यासाने ते काम पुरे केले. आजाऱ्याच्या उशाशी बसणारे माणूस किती पाहते, किती साठवून ठेवते, याची ही एक साक्ष.

स्वस्त गोळीचा हिशेब

शस्त्रक्रियेला पुरुष नाखूष असत. त्यांना दुसरी वाट मिळाली ती एका गोळीची. लंडनमधील चार्ल्स डॉड्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९३८ मध्ये स्टिलबेस्ट्रॉल हे कृत्रिम स्त्री-संप्रेरक बनवले. त्याचे पेटंट घेतले नाही, त्यामुळे ते स्वस्त राहिले. जगभरातल्या रुग्णांनी ही गोळी घेतली. तिने टेस्टोस्टेरॉन उतरत असे, छाती मात्र स्त्रीसारखी वाढे.

गोळी घेतल्यावर गाठ आटोक्यात राहते हे दिसतच होते. मग माणूस अधिक जगतो का? हा प्रश्न वेगळा आहे, आणि त्याचे उत्तर नुसत्या अनुभवाने मिळत नाही. अमेरिकेतील माजी सैनिकांच्या रुग्णालयांनी १९६० मध्ये एकत्र येऊन रुग्णांचे चिठ्ठ्या टाकल्यासारखे गट पाडले आणि वेगवेगळे उपचार दिले. १९६७ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. रोज ५ मिलिग्रॅम गोळी घेणाऱ्यांत कर्करोगाने मरणारे कमी होते, पण हृदय आणि रक्तवाहिन्यांच्या विकारांनी मरणारे जास्त. इतकी वर्षे सर्वांची नजर गाठीवर होती. गाठीशेजारच्या माणसाची बेरीज-वजाबाकी कोणी केली नव्हती. नियंत्रित प्रयोग कशासाठी करायचा, हे मुलांना समजावताना यापेक्षा बोलके उदाहरण आम्हाला सापडलेले नाही.

सतत वाजणारी बेल

बाईंच्या यजमानांना दिले जाते ते इंजेक्शन मात्र वेगळ्याच दिशेने आले. वृषणांना हुकूम सोडते ती मेंदूखालची पीयूषिका ग्रंथी, आणि पीयूषिकेला हुकूम मिळतो अधश्चेतकाकडून. हा वरचा हुकूम म्हणजे नेमके कोणते रसायन? अँड्र्यू शॅली आणि रॉजर गिलमिन हे दोन प्रतिस्पर्धी शास्त्रज्ञ वर्षानुवर्षे ते शोधत होते. शॅली यांनी डुकरांचे आणि गिलमिन यांनी मेंढ्यांचे अधश्चेतक खाटीकखान्यांतून लाखांनी गोळा केले, कारण एका मेंदूत हे रसायन नाममात्रच असते. १९७१ मध्ये त्याची रचना उलगडली: अवघ्या दहा ॲमिनो आम्लांची साखळी. १९७७ च्या नोबेल पारितोषिकाचे दोघेही मानकरी ठरले.

हे रसायन दिले की टेस्टोस्टेरॉन वाढायला हवे, कारण हुकूमच तसा आहे. पण १९७८ मध्ये एर्न्स्ट क्नोबिल यांच्या गटाने माकडांवरील प्रयोगांत दाखवले, की हा हुकूम ठरावीक अंतराने, थांबून थांबून आला तरच पीयूषिका तो पाळते. तो अखंड येत राहिला तर ती गप्प बसते. दारावरची बेल एकदा वाजली तर आपण उठतो. बिघडून सतत वाजत राहिली तर तिच्याकडे लक्ष देणे सोडून देतो. तसेच हे. म्हणून या रसायनाची टिकाऊ नक्कल बनवून ती शरीरात हळूहळू झिरपत ठेवली, की वृषणे काही आठवड्यांत काम थांबवतात. ल्युप्रोलाइड या औषधाला अमेरिकेत १९८५ मध्ये मान्यता मिळाली.

बेल वाजू लागली की सुरुवातीला आपण उठतोच. त्यामुळे पहिल्या इंजेक्शननंतर एक-दोन आठवडे टेस्टोस्टेरॉन उलट वाढते आणि हाडांचे दुखणेही वाढू शकते. ते टाळण्यासाठी डॉक्टर सुरुवातीला वेगळ्या गोळ्या देतात. हे ठाऊक नसेल, तर औषधाने उलटे होते आहे असे वाटून घरातले माणूस घाबरून जाते. बाईही घाबरल्या होत्या.

आपल्याकडे दोन्ही मार्ग वापरात आहेत. शस्त्रक्रिया एकदाच आणि कमी खर्चात होते. इंजेक्शन दर महिन्याला, तीन महिन्यांनी किंवा सहा महिन्यांनी घ्यावे लागते, आणि ते चालू ठेवायचे असते. कागदावर सही रुग्णाची असते. पण पैशांचा हिशेब, "लोक काय म्हणतील" ही धास्ती आणि पुढच्या सहवासाचा विचार हे दोघांचे असते.

घाम का येतो?

आता मूळ प्रश्न. आपल्या शरीराचे तापमान राखणारे केंद्र अधश्चेतकातच आहे. शरीर थोडे तापले किंवा निवले तरी ते केंद्र लगेच धावत नाही; थोडी ढील देते. लैंगिक संप्रेरके एकाएकी कमी झाली, की ही ढील फार अरुंद होते. मग जराशा उष्णतेनेही केंद्राला शरीर तापल्याचा भास होतो. त्वचेतील रक्तवाहिन्या रुंदावतात, चेहरा लाल होतो, घाम फुटतो. त्यामुळे शरीर गरजेपेक्षा जास्त निवते आणि थंडी वाजते.

स्त्रीच्या शरीरात हे इस्ट्रोजेन ओसरल्याने होते. पुरुषाच्या शरीरातही इस्ट्रोजेन असते, आणि ते टेस्टोस्टेरॉनपासूनच तयार होते. मूळ माल बंद झाला की तेही आटते. पुरुषाची हाडे टणक राखण्यात या इस्ट्रोजेनचा मोठा वाटा असतो. म्हणून या उपचारात हाडे ठिसूळ होण्याचा धोका असतो. थोडक्यात, बाईंनी घाम ओळखला तो बरोबरच ओळखला होता. पाळी जाताना स्त्रीच्या शरीरात जी घडामोड पुष्कळदा काही वर्षांत होते, ती यजमानांच्या शरीरात काही आठवड्यांत उरकली गेली होती.

घामाबरोबर आणखीही बरेच काही येते. स्नायू उतरतात, पोट सुटते, थकवा येतो, मन उदास किंवा चिडचिडे होते, शरीरसंबंधाची इच्छाच मावळते. ही शेवटची गोष्ट कोणी बोलत नाही. नवऱ्याला वाटते आपण कमी पडलो, बायकोला वाटते आपल्यावरचे मन उडाले. खरे तर दोघांच्या मध्ये औषध उभे असते. औषधाचे काम औषधाच्या नावावर मांडले, तर निम्मे गैरसमज तेथेच मिटतात.

न बोललेले आणि न मोजलेले

न बोलण्याचे एक ठळक उदाहरण फ्रान्सचे. फ्रान्स्वा मितराँ मे १९८१ मध्ये राष्ट्राध्यक्ष झाले. त्याच वर्षी नोव्हेंबरात त्यांना हाडांत पसरलेला प्रोस्टेटचा कर्करोग असल्याचे निदान झाले. प्रकृतीची माहिती नियमितपणे जाहीर करण्याचे वचन त्यांनी दिले होते. त्या पत्रकांत रोगाचा उल्लेख कधीच आला नाही. १९९२ मध्ये शस्त्रक्रिया झाली तेव्हा देशाला कळले. १९९५ पर्यंत ते पदावर होते आणि जानेवारी १९९६ मध्ये वारले. पसरलेला रोग घेऊन चौदा वर्षे! सगळ्यांना इतका काळ मिळत नाही, पण "पसरला" या शब्दाचा अर्थ "संपले" असाच होत नाही, हे यातून कळते. आणि एवढी वर्षे गुपित सांभाळणे हेही आजाराइतकेच जड ओझे असते, हेही.

उशाशी बसणारीचे काय, हा प्रश्न संशोधकांनी उशिरा विचारला. न्यूयॉर्कमधील संशोधकांनी प्रोस्टेटच्या कर्करोगाचे रुग्ण आणि त्यांच्या पत्नी यांचा एकत्र अभ्यास १९९४ मध्ये प्रसिद्ध केला. त्यात पत्नींचा मानसिक ताण रुग्णांपेक्षाही अधिक आढळला. नवऱ्याच्या रक्तातले विकर १९३८ पासून मोजले जात होते.

आजचे उपचार आणि घरातली वही

निरोप तोडला तरी काही काळाने बहुतेकांचा रोग पुन्हा डोके वर काढतो. वृषणे गप्प असली तरी मूत्रपिंडांवरील अधिवृक्क ग्रंथी थोडे पुरुष-संप्रेरक बनवतात. हगिन्स यांनी १९४५ मध्ये त्या ग्रंथीही काढून पाहिल्या, पण तो उपाय रुग्णांना झेपला नाही. तेच काम पुढे ॲबिरॅटेरोन या गोळीने, चाकूशिवाय साधले. अमेरिकेत तिला २०११ मध्ये मान्यता मिळाली. भारतात तिचे स्वस्त पर्यायही मिळतात. आधी हे औषध रोग उलटल्यावरच देत असत. २०१७ मध्ये ब्रिटनमधील एका मोठ्या चाचणीत ते सुरुवातीपासून दिले, तेव्हा तीन वर्षांनी ८३ टक्के रुग्ण हयात होते. नुसत्या संप्रेरक-उपचाराच्या गटात ७६ टक्के. डोसेटॅक्सेल हे रसायनही असेच. २०१५ च्या एका अमेरिकी चाचणीत ते सुरुवातीलाच दिल्याने आयुष्याचा मध्यक ४४ महिन्यांवरून सुमारे ५८ महिन्यांवर गेला. व्यायामाचीही परीक्षा झाली आहे. २०१० मध्ये ऑस्ट्रेलियात ५७ रुग्णांवरील अभ्यासात बारा आठवड्यांच्या व्यायामाने उतरलेले स्नायू आणि ताकद सुधारली. पण हाडांत रोग असताना कोणता व्यायाम करायचा, ते डॉक्टरांना विचारूनच ठरवावे.

डॉक्टर रुग्णाला तीन महिन्यांत दहा मिनिटे पाहतात. उरलेला सगळा वेळ घरातले माणूस पाहते. म्हणून आम्ही बाईंना एक वही घालायला सुचवले: तारीख, इंजेक्शन, पीएसए, झोप, दुखणे, वजन, मन. दोन गोष्टी वहीत लिहून थांबायचे नाही, तडक रुग्णालय गाठायचे. एक, पायांतली शक्ती एकाएकी जाणे किंवा लघवी-शौचावरचा ताबा सुटणे. मणक्यातील गाठ मज्जारज्जूवर दाब देत असू शकते, आणि येथे तास मोलाचे असतात. दुसरी, डोसेटॅक्सेल चालू असताना १००.४ अंश फॅरनहाइट किंवा त्याहून जास्त ताप.

वहीच्या शेवटच्या पानावर बाईंनी स्वतःची झोप आणि स्वतःचे रक्तदाबाचे आकडेही लिहावेत, असा आमचा आग्रह होता. तो त्यांनी जरा कुरकुरत मानला.

पुढच्या आठवड्यात बाई सांगत होत्या. हे सगळे त्यांनी घरी जाऊन सांगितले. यजमान बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "म्हणजे तुला असं होत होतं? किती दिवस?" बाई म्हणाल्या, "चार वर्षं." त्या रात्री घाम आला तेव्हा पंखा लावायला यजमान स्वतः उठले, आणि आपल्याबरोबर बाईंनाही पाणी आणून दिले.

आम्ही आमच्या फळ्यावरच्या तक्त्यात एक रकाना वाढवला आहे: "हे संप्रेरक एकदम कमी झाले तर?" मुले तो आधी चुकीचा भरतात, मग चर्चा करतात. टेस्टोस्टेरॉनच्या ओळीत "दाढी येत नाही" एवढेच लिहून कोणी थांबले, तर आम्ही त्यांना हाडांबद्दल विचारतो, आणि मग घामाबद्दल.